खान्देशातून जगाच्या कलाबाजारात: खासगी उद्योग, कलाकार आणि सांस्कृतिक दूतपणा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडचे चित्रकार, कलाशिक्षक, सराफ आणि कारखानदार फिरून फिरून हेच प्रश्न पाठवतात, म्हणून ते एका ठिकाणी आणले आहेत. सुरुवातीचे प्रश्न ओळखीचे आहेत, पुढचे कायद्याचे आणि कटकटीचे. ज्यांना फक्त कागदपत्रांचं बघायचं आहे त्यांनी थेट प्रश्न 9 वर जावं.

1. उद्योगपतीला सांस्कृतिक दूत का म्हणायचं? दूत तर सरकारचे असतात ना?

सरकारचे असतातच. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद 1950 मध्ये मौलाना आझादांनी स्थापन केली ती याच कामासाठी. पण आजची चित्रं आणि शिल्पं परदेशात दिसतात ती बहुतेक वेळा एखाद्या गॅलरीच्या, लिलावघराच्या किंवा कंपनीच्या फाउंडेशनच्या हातून. कोणतं चित्र न्यायचं ते हीच मंडळी ठरवतात. विम्याचे आणि जागेच्या भाड्याचे पैसेही त्यांचेच. साहजिकच ‘भारतीय कला म्हणजे काय’ याचं उत्तरही परदेशी प्रेक्षकाला त्यांच्याकडूनच मिळतं.

मुंबईच्या केकू गांधींचं उदाहरण घ्या. 1941 मध्ये त्यांनी चित्रांच्या चौकटी बनवण्याचा धंदा सुरू केला, नाव केमोल्ड. चौकटी करून घ्यायला हुसेन, आरा, रझा अशी तेव्हा फारसं कोणी ओळखत नसलेली चित्रकार पोरं यायची. त्यांची चित्रं दुकानातच टांगली जाऊ लागली. 1963 मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उघडली आणि पुढे तीच गॅलरी भारतीय चित्रकारांना घेऊन जगातल्या मोठ्या कलामेळ्यांत गेली. कोणत्याही मंत्रालयाने त्यांना नेमलं नव्हतं.

2. अलीकडची ठळक उदाहरणं कोणती?

चित्रकार नसरीन मोहमदी हे नाव वीस वर्षांपूर्वी भारताबाहेर मोजक्या जाणकारांनाच ठाऊक होतं. एचसीएलच्या नादर कुटुंबाचं किरण नादर कला संग्रहालय 2010 मध्ये दिल्लीत सुरू झालं. त्याच्या सहकार्याने नसरीनचं मोठं प्रदर्शन माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयात आणि मग 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयात लागलं. मेट ब्रॉयरची इमारत ज्या प्रदर्शनांनी उघडली, त्यांतलंच हे एक. 2024 मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये 1975 ते 1998 या काळातल्या भारतीय कलेचं प्रदर्शन झालं, तिथेही भागीदार हेच संग्रहालय. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये 2015 मध्ये नाथद्वाऱ्याच्या पिछवायांचं (देवामागे लावायच्या कापडी चित्रांचं) प्रदर्शन झालं, त्यामागे रिलायन्स फाउंडेशनचा हात होता.

उलट दिशेनेही असं घडतं. जपानमध्ये हिमेजी इथे मासानोरी फुकुओका या उद्योजकाने ग्लेनबारा नावाचं संग्रहालय उभं केलं, ते भारतीय चित्रांसाठी. कोरियाच्या ह्युंदाईचं नाव 2015 पासून लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयातल्या टर्बाइन हॉलच्या वार्षिक कलाकृतीला जोडलेलं आहे. गाड्या विकणाऱ्या कंपनीला हे कशाला हवं, असं कोणी विचारेल. स्वस्त गाड्यांचा देश म्हणून असलेली ओळख बदलायला जाहिरातीपेक्षा टर्बाइन हॉल जास्त उपयोगी पडतो, हे कोरियन लोकांनी आपल्या आधी ओळखलं.

3. एअर इंडियाने साल्वादोर दालीला हत्ती दिला होता म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर देणं भाग आहे. 1967 मध्ये दालीने एअर इंडियासाठी चिनी मातीचं ॲशट्रे घडवलं. मध्ये शिंपला, भोवती साप, आणि आधाराला अशी आकृती की सरळ पाहिली तर हंस आणि उलटी केली तर हत्तीचं डोकं. मोबदला म्हणून त्याने हत्तीचं पिल्लू मागितलं. कंपनीने ते विमानाने जिनिव्हापर्यंत आणि तिथून पुढे स्पेनमधल्या कादाकेसला पोहोचतं केलं. कंपनी 1953 पासून सरकारी मालकीची होती, पण अध्यक्षपदी जे.आर.डी. टाटा होते आणि चित्रं घेण्याची आवडही त्याच घरातली. ऑफिसं सजवण्यासाठी तिकिटांच्या बदल्यात चित्रं घ्यायची पद्धतही याच कंपनीची. त्या संग्रहातली चार हजारांवर कामं आता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेली आहेत.

4. मग सरकार काय करतं? सगळं खासगी लोकांवरच सोडलंय का?

सरकार करतं, पण त्याची आवड ठरलेली आहे. धुळ्याजवळच्या गोंदूरचे राम सुतार पाहा. त्यांनी घडवलेले गांधीजींचे अर्धपुतळे भारताची भेट म्हणून कितीतरी देशांत उभे आहेत. सरकारी दूतपणाचं हे चोख उदाहरण आहे आणि ते आपल्या मातीतलं आहे. पण गांधींचा पुतळा देणं सोपं असतं, त्यावर वाद होत नाही. आज काम करणारा, टोचणारं काही करणारा कलाकार सरकारी भेटवस्तूंच्या यादीत बसत नाही.

व्हेनिस बिनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाचा इतिहास पाहिला की हे स्पष्ट होतं. बिनाले 1895 पासून भरतं आहे. भारताचं पहिलं अधिकृत राष्ट्रीय दालन उघडलं 2011 मध्ये, दुसरं 2019 मध्ये, तेही उद्योगांच्या संघटनेला आणि किरण नादर संग्रहालयाला बरोबर घेऊन. त्या दुसऱ्या दालनात शकुंतला कुलकर्णींची वेताची चिलखतं होती. मधल्या काळात, 2015 मध्ये, गुजराल फाउंडेशन या खासगी संस्थेने मुंबईची शिल्पा गुप्ता आणि लाहोरचा रशीद राणा यांना व्हेनिसमध्ये एका छताखाली आणलं. दोन्ही सरकारांनी मिळून असं केलं असतं का? मला तरी शंका आहे.

5. भाऊ, हाई सगळं आपले काय कामनं शे?

काम आहे. अजिंठ्यापासूनच सुरू करू, कारण तिथे उतरायचं स्टेशन आपलंच. मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्यात वर्षानुवर्षं राहून भित्तिचित्रांच्या तैलरंगात मोठमोठ्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि 1866 च्या आगीत बहुतेक जळाल्या. गिल 1879 मध्ये वारले. त्यांची कबर भुसावळला आहे. या भागातली कला जगापुढे जाण्याचा हा जुना नमुना: माल इथला, पाहणारे तिकडचे, आणि मधलं सगळं, म्हणजे निवड, वाहतूक, मांडणी आणि मजकूर, परक्यांच्या हातात.

मधलं काम आजही आपल्याकडे जवळजवळ नाही. चित्रकार आहेत, पैसेवाले आहेत. पण चित्राचा नीट फोटो काढणारा, चार ओळी लिहून देणारा, पेटी बांधणारा, कस्टमचे कागद भरणारा माणूस शोधायला मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं. हीच कामं जळगावात उभी राहिली तर त्यांत नुसत्या कलाकाराचं नव्हे, चार पोरांचं पोट आहे.

6. खान्देशातल्या एखाद्या उद्योगाने किंवा माणसाने असं काही केलंय का?

चाळीसगावचे केकी मूस (1912–1989) यांचं नाव आधी घ्यायला हवं. रेल्वे स्टेशनजवळच्या घरातून ते दशकानुदशकं फारसे बाहेर पडले नाहीत. टेबलावर कागद, काच, कापूस, दिवा असं मांडून केलेली त्यांची छायाचित्रं मात्र पोस्टाने परदेशी प्रदर्शनांत जात आणि बक्षिसं घेऊन येत. ना गॅलरी, ना प्रायोजक. एका माणसाचा पोस्टाने चालणारा दूतावास म्हणा हवं तर. घर आज संग्रहालय म्हणून पाहता येतं, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी आधी ते पाहावं, मग व्हेनिसच्या गोष्टी कराव्यात.

उद्योगांपैकी जळगावच्या जैन उद्योगसमूहाचं गांधीतीर्थ समोर येतं. 2012 मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. कलाबाजाराशी त्याचा संबंध नाही. पण ठिबकच्या नळ्या विकणारी कंपनी जळगावच्या टेकडीवर परदेशी पाहुण्यांनी मुद्दाम यावं असं संग्रहालय उभं करू शकते, हे त्यातून दिसलं. आणि विप्रो अमळनेरची आहे, 1945 साली वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झालेली, हे इथे शाळकरी पोरालाही माहीत असतं. पैसा इथून जगभर गेला, चित्र मात्र त्याच्यासोबत गेलं नाही.

7. बातमीत 118 कोटींचं चित्र, 67 कोटींचं चित्र असं येतं. हे पैसे चित्रकाराला मिळतात का?

नाही. लिलावात येतं ते बहुतेक वेळा आधी एकदा विकलेलं चित्र, आणि पैसे जातात ज्याच्या मालकीचं असेल त्याला. हुसेन यांचं 1954 चं ‘ग्राम यात्रा’ मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलरला गेलं (तेच ते 118 कोटी). ते विकलं ऑस्लोच्या एका रुग्णालयाने. दिल्लीत नोकरीला असलेल्या एका डॉक्टरने ते पन्नासच्या दशकात घेतलं होतं आणि पुढे रुग्णालयाला दिलं होतं. म्हणजे नॉर्वेतल्या रुग्णालयाच्या भिंतीवर ते कितीतरी वर्षं भारताचं खेडं दाखवत राहिलं, आणि कोणाला पत्ता नव्हता. सप्टेंबर 2025 मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात 67.08 कोटींना गेलेलं चित्र गायतोंड्यांचं. ते 2001 मध्येच वारले होते.

आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम 53अ आहे. मूळ चित्र, शिल्प किंवा रेखाटन दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर कलाकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मिळू शकतो, जास्तीत जास्त 10 टक्के. कागदावर कलम उत्तम आहे, व्यवहारात त्याचा वापर क्वचित होतो. आणि लिलाव परदेशात झाला तर हे कलम तिथे पोहोचत नाही.

8. गॅलरी निम्मे पैसे घेते. ही लूट नाही का?

50 टक्के हा जगभरचा रूढ दर आहे. आपल्याकडे केळीच्या अडतीचा हिशोब डोक्यात असल्याने तो आकडा ऐकून धक्का बसतो. अडत्या मात्र बागेचा माल एका दिवसात काढतो. गॅलरीला एकाच माणसाचं काम दहा दहा वर्षं सांभाळून विकायचं असतं. त्यात जागा, कॅटलॉग, मेळ्याचं भाडं, संग्रहालयांच्या लोकांना दाखवणं, चित्र न विकता परत आलं तर त्याचा खर्च, असं सगळं येतं.

लूट कधी म्हणायची? गॅलरी निम्मे घेऊन वर फ्रेमिंग, छपाई, वाहतूक यांचा खर्चही तुमच्याच माथी मारते तेव्हा. विकलेलं चित्र कोणी घेतलं हे सांगत नाही तेव्हा. आणि चित्र ठेवून घेतल्याची लेखी पोच देत नाही तेव्हा. पोचपावतीवर चित्राचं नाव, माप, माध्यम, साल, किंमत, टक्केवारी, पैसे किती दिवसांत मिळणार आणि चित्र परत कधी मिळणार, एवढं पाहिजेच. ओळखीचा माणूस आहे, कागद कशाला, असं म्हणत दिलेली चित्रं परत मिळवायला दोन वर्षं हेलपाटे घालणारे लोक मला ठाऊक आहेत.

9. आमच्या कंपनीला सीएसआर (नफ्यातून सामाजिक कामावर करायचा खर्च) लागू होतो. त्या पैशातून खान्देशातल्या कलाकारांचं प्रदर्शन दुबईत किंवा लंडनमध्ये भरवता येईल का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि उत्तर आहे नाही.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा नक्त नफा 5 कोटी, यांतलं काहीही एक असलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. सातव्या अनुसूचीत कला, संस्कृती, वारसा जतन आणि पारंपरिक कला-हस्तकला यांचा उल्लेख आहे. इथपर्यंत सगळं चांगलं. पण नियमांत दोन दारं बंद आहेत. भारताबाहेर केलेला खर्च सीएसआर धरला जात नाही (अपवाद फक्त खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा). आणि ज्या प्रायोजकत्वातून कंपनीच्या मालाची जाहिरात होते, तेही धरलं जात नाही. म्हणजे मेळ्याच्या कमानीवर कंपनीचा लोगो झळकणार असेल, तर तो खर्च जाहिरातीच्या खात्यातून करा.

व्यवहारात काम दोन भागांत तोडावं. भारतातलं काम, म्हणजे कलाकारांच्या कार्यशाळा, स्टुडिओ, जुन्या कामांची छायाचित्रं आणि नोंदी, कॉलेजला दिलेली मदत, सीएसआरमधून. परदेशातली जागा, प्रवास, मेजवानी कंपनीच्या प्रसिद्धीच्या खर्चातून, उघडपणे. एखाद्या संस्थेमार्फत करणार असाल तर ती संस्था सीएसआर-1 फॉर्म भरून नोंदलेली आहे ना, ते आधी पाहा. संचालक मंडळाने ठराव करण्याआधी लेखापरीक्षकाला विचारा. नंतर विचारलं तर तो फक्त डोकं धरतो.

10. आमची सराफी पेढी आहे, भागीदारीत. सीएसआर लागूच नाही. मग आम्ही काय करू शकतो?

भागीदारी पेढीला कलम 135 लागत नाही, त्यामुळे बंधनही नाही आणि सबबही नाही. तुम्ही सरळ चित्र विकत घ्या. भेट म्हणून मागू नका, दिवाळीच्या कॅलेंडरसाठी ‘नाव होईल तुमचं’ म्हणून फुकट काढून घेऊ नका. बिलावर विकत घेतलेलं पहिलं चित्र कलाकाराला जे देतं ते सत्काराच्या शालीत नसतं: पुढच्या खरेदीदाराला दाखवता येईल अशी किंमत.

त्यानंतरची पायरी उसनवारीची. तुमच्या दिवाणखान्यातलं चित्र एखाद्या प्रदर्शनाला मागितलं तर लेखी करार करून द्या, आणि भिंतीवरच्या पाटीत ‘संग्रह: अमुक पेढी, जळगाव’ असं लिहायला सांगा. परदेशी संग्रहालयातल्या पाटीवर जळगाव हे नाव येणं, याहून स्वस्त दूतपणा दुसरा नाही.

11. चित्र परदेशी विकायला सरकारी परवानगी लागते का?

हयात कलाकाराच्या कामाला नाही. 1972 चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा अडवतो तो दोन गोष्टींना. एक, शंभर वर्षांहून जुन्या वस्तू (हस्तलिखितांना 75 वर्षं). दोन, कलानिधी म्हणून जाहीर झालेल्या नऊ कलाकारांची कामं: रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, अमृता शेरगिल, राजा रविवर्मा, निकोलस रोरिक आणि शैलोज मुखर्जी. यांची चित्रं देशात विकता येतात, बाहेर नेता येत नाहीत. हयात कलाकाराचं काम कलानिधी म्हणून जाहीर करताच येत नाही, त्यामुळे ती भीती बाळगू नका.

गंमत अशी की नवीन काम जुन्यासारखं दिसलं की अडकतं. पितळेची मूर्ती, जुन्या लाकडावरचं कोरीव काम, पोथीच्या धर्तीवरची चित्रं कस्टमवाल्याला संशयास्पद वाटू शकतात. अशा वेळी पुरातत्त्व खात्याकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला आधीच घ्यावा. बाकी विक्रीसाठी आयात-निर्यात कोड आणि शिपिंग बिल लागतंच.

12. विकायचं नाही, फक्त मेळ्यात दाखवून परत आणायचं आहे. तेव्हा?

त्यासाठी एटीए कार्नेट नावाचं कागदी पुस्तक असतं. भारतात ते फिक्की ही उद्योगांची संघटना देते. मुदत एक वर्षापर्यंत. ज्या देशांत ते चालतं तिथे माल तात्पुरता नेता येतो, आयात शुल्क न भरता. मात्र ते विक्रीसाठी नाही. ‘जमलं तर विकू’ हा आपला नेहमीचा बेत असेल, तर कार्नेटच्या भानगडीत पडू नका, प्रश्न 11 प्रमाणे सरळ निर्यात करा.

13. पेटी इथल्याच सुताराकडून बनवून घेतली तर चालेल का?

चालेल, पण लाकूड पाहून. निर्यातीच्या पेटीला कच्चं भरीव लाकूड वापरलं तर ते उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं असावं लागतं आणि त्यावर तसा ठसा हवा: गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, देशाचा कोड आणि ‘एचटी’ ही अक्षरं. ठसा नसलेली आंब्या-बाभळीची पेटी बंदरातून परत येते किंवा तिकडे जाळतात. प्लायवूडला हा नियम नाही. पेटी पूर्ण प्लायची करा, पण आतली पट्टी जुन्या फळ्यांची मारू नका, सगळे तिथेच फसतात.

आत चित्राच्या रंगाला बबल रॅप थेट लावू नये. मे महिन्यातल्या भुसावळच्या उन्हात त्याचे गोल ठसे ॲक्रिलिकवर उमटतात. आधी ग्लासिन (गुळगुळीत, पातळ) कागद, मग फोम, मग रॅप. पेटीला खिळे मारू नका, स्क्रू लावा. कस्टमवाला उघडणार, आणि त्याच्याकडे चिमटा असेल पण सबुरी नसेल.

14. जीएसटी किती?

चित्रं आणि मूळ शिल्पांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के, त्याआधी 12 होता. निर्यातीवर शून्य, पण त्यासाठी हमीपत्र आधी भरावं लागतं. नोंदणी तुम्हाला लागते की नाही हे उलाढालीवर आणि माल राज्याबाहेर जातो का यावर ठरतं, ते आपल्या सीएला विचारा.

15. कंपनीने पैसे देऊन माझ्याकडून चित्र काढून घेतलं आणि आता ते परदेशातल्या जाहिरातीत वापरलं आहे. हक्क कोणाचा?

उत्तर तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही स्वतःहून काढलेलं चित्र विकलं, तर कॅनव्हास त्यांचा पण कॉपीराइट तुमचा. पण कोणी पैसे देऊन, सांगून चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कायद्याचं कलम 17 काढून घेणाऱ्यालाच कॉपीराइटचा पहिला मालक मानतं. म्हणून ऑर्डर घेतानाच एक ओळ लिहून घ्या की कॉपीराइट कलाकाराकडे राहील.

याला पोटकलमासारखी एक बाजू आहे. स्वतःचं चित्र असेल आणि तुम्ही लेखी हक्क दिला असेल, पण त्यात मुदत आणि प्रदेश लिहिला नसेल, तर कलम 19 प्रमाणे मुदत पाच वर्षं आणि प्रदेश भारत इतकाच धरतात. कंपनीने दुबईत होर्डिंग लावलं असेल तर तिथे तुमचं म्हणणं टिकतं.

आणि कॉपीराइट गेला तरी कलम 57 राहतं. आपलं नाव लावून घेण्याचा आणि कामाची मोडतोड रोखण्याचा हक्क कलाकाराकडेच असतो. विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं. खटला चालला आणि 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. समोर सरकार असताना.

16. नंदुरबारकडची आदिवासी कला घेऊन कंपनी परदेशात गेली तर चांगलंच ना?

कशी घेऊन गेली यावर आहे. काठी गावच्या होळीत व्रत धरलेला बुध्या असतो: अंगभर ठिपके, कमरेला भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. या दिवसांत तो खाटेवर झोपत नाही, पायात वहाण घालत नाही. कंपनीच्या कॅलेंडरवर मात्र तो ‘ट्रायबल डान्सर’ होतो. छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराचा, पैसा कंपनीचा, आणि ज्याचं अंग आहे त्याचं नावही खाली नसतं. नाव, गाव, जमात आणि मोबदला, या चार गोष्टी नसतील तर तो दूतपणा नाही, उचलेगिरी आहे. जाता जाता: मोरपिसं आणि त्यांच्या वस्तूंच्या निर्यातीला बंदी आहे, तो टोप प्रदर्शनाला नेता येणार नाही.

वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पलीकडच्या छोटा उदेपूरच्या राठवा आदिवासींच्या पिठोरा चित्रालाही मिळालं आहे. पिठोरा हा नवसाचा असतो, तो भिंतीवर लिहिला जातो आणि तिथे बडवा (विधी करणारा पुजारी) लागतो. हॉटेलच्या लॉबीसाठी तो मागवताना काय मागतो आहोत याची विचारपूस आधी गावातच करावी.

कलाकाराला परदेशी नेताना आणखी काळजी घ्या. गोंड चित्रकार जनगड सिंह श्याम 2001 मध्ये जपानमधल्या एका खासगी संग्रहालयात निवासी कलाकार म्हणून राहत असताना त्यांनी आयुष्य संपवलं. तेव्हा ते चाळिशीही पार केलेले नव्हते. पासपोर्ट आणि परतीचं तिकीट कलाकाराच्या स्वतःच्या हातात, रोज घरी बोलता येईल असा फोन, भाषा कळणारा एक माणूस, आणि ‘मला परत जायचंय’ म्हटल्यावर कोणतीही चर्चा न करता परत. एवढं जमत नसेल तर फक्त चित्रं पाठवा.

17. घरात पणजोबांच्या वेळची मूर्ती आहे. परदेशातला डीलर चांगली किंमत देतो म्हणतो.

देऊ नका. प्रश्न 11 मधली शंभर वर्षांची मर्यादा इथे लागते, आणि जुन्या मूर्तींची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणीही करावी लागते. न्यूयॉर्कचा सुभाष कपूर हा नावाजलेला डीलर होता, मोठमोठी संग्रहालयं त्याच्याकडून घेत. 2011 मध्ये जर्मनीत पकडला गेला. त्याने विकलेला चोरीचा नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाला 2014 मध्ये भारताला परत द्यावा लागला. खासगी व्यापारी दोन देशांत नातं जोडतो तसं ते नासवूही शकतो.

18. प्रायोजक उद्योगाचं नाव वाईट असेल तर कलाकाराने पैसे घ्यावेत का?

याचं एकच उत्तर नाही. सॅकलर कुटुंबाच्या औषध कंपनीवर अमेरिकेतल्या अफूजन्य गोळ्यांच्या व्यसनाचा ठपका आला, तेव्हा पॅरिसच्या लूव्रने 2019 मध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेटने 2021 मध्ये दालनांवरचं त्यांचं नाव काढलं. बीपी या तेल कंपनीचं आणि टेटचं नातंही आंदोलनांनंतर संपलं. त्या संग्रहालयांना नकार देणं परवडलं, कारण मागे दुसरे देणारे होते.

आपल्याकडे देणारे दोन-चारच. वाळूचे पैसे, जमिनीचे पैसे, असं शोधत गेलं तर भिंत रिकामीच राहील. माझं मत असं: पैसे घ्या, पण कोणतं चित्र लागणार आणि कोणतं नाही यात प्रायोजकाला बोलू देऊ नका, आणि हे आधी लिहून घ्या. ते लिहून द्यायला जो तयार नाही त्याला नाही म्हणा.

19. ‘पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी तुमची निवड झाली आहे, फक्त अमुक रक्कम भरा’ असा ईमेल आलाय. भरू का?

नको. खरी गॅलरी विक्रीतून कमावते (प्रश्न 8), ही कलाकाराच्या खिशातून. भिंत भाड्याने मिळते, चार दिवस चित्र टांगतात, फोटो पाठवतात, प्रमाणपत्र देतात. पाहायला येतात ते दुसरे पैसे भरलेले कलाकार. वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर ‘खान्देशच्या सुपुत्राचा पॅरिसमध्ये झेंडा’ अशी बातमी येते, म्हणून हा धंदा चालतो. त्याच पैशात मुंबईला चार खेपा होतात आणि चांगल्या गॅलऱ्यांतली माणसं भेटतात.

सरकारी किंवा विद्यापीठाच्या स्पर्धांना थोडी प्रवेश फी असते, ती वेगळी गोष्ट. निवड झाल्यावर पैसे मागतात तिथे सावध व्हा.

20. मुलगा अमेरिकेत आहे. येताना-जाताना बॅगेत एखादं चित्र गुंडाळून नेलं तर कशाला एवढे कागद?

त्याच्या घरात लावायला नेत असेल तर न्यावं. सोबत चित्रकाराची सही असलेली, साल आणि किंमत लिहिलेली एक चिठ्ठी असू द्या. तिकडे विकणार असेल तर ती निर्यात आहे. तसं न दाखवता चित्र विकलं की पैसे इकडे आणताना बँक विचारते, आणि पुढे कधी ते चित्र एखाद्या लिलावात आलं तर ते भारतातून बाहेर कसं गेलं याचा कागद नसतो, किंमत तिथेच पडते. कॅनव्हास गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवा, आत नाही.